नरकचतुर्दशीला नरकाच्या दारात: आयर्लंडमधले चार दिवस

दादाला डब्लिनला जाऊन नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याने त्याच त्या चार जागा दाखवल्यात, मोहेरचे कडे, न्यूग्रेंज, गिनीजची फॅक्टरी आणि एक कुठलातरी किल्ला. २०२४ च्या दिवाळीत आई आधीच तिकडे होती, मी पंधरा दिवसांची रजा काढून गेले आणि गेल्या गेल्या सांगून टाकलं की मला यातलं काही नको, मला आयरिश दंतकथांमधल्या मेव्ह राणीचा मुलूख बघायचाय. दादा म्हणाला, "तिथे काही नाहीये गं, गवत आहे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं हे आधीच कबूल करते.

मला ही राणी पहिल्यांदा कुठे भेटली ते आता आठवत नाही, पण नवरा-बायको रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कोण जास्त श्रीमंत यावरून वाद घालतात आणि त्या वादातून अख्खं युद्ध उभं राहतं, एवढं डोक्यात पक्कं बसलेलं. तेवढ्यावर चार दिवस ठरले. वहिनीला रजा नव्हती, तिने फराळाचा डबा भरून दिला आणि लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी घरात हवेत एवढीच अट घातली. गाडी दादाची. आयर्लंड शेंगेनमध्ये येत नाही, व्हिसा वेगळा काढावा लागतो, बाकी बुकिंगबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दिवस पहिला, मंगळवार २९ ऑक्टोबर: टारा

डब्लिनहून टाराची टेकडी, म्हणजे आयर्लंडच्या जुन्या राजांची गादी, जेमतेम पाऊण तास. गाडी लावली, कॉफी घेतली, एक फाटक ओलांडलं आणि समोर कुरण. मेंढ्या. वारा असा की आईची ओढणी दोनदा उडाली, मग तिने ती स्वेटरच्या आत खोचून टाकली. सगळीकडे बघून झाल्यावर म्हणाली, "राजवाडा कुठाय?"

दादाने माझ्याकडे बघितलं, सांग आता.

रायगडावर निदान जोती तरी उरलीत, इथे बाजारपेठ होती, इथे सदर होती असं बोट दाखवून सांगता येतं. टाराला तेही नाही. मातीचे बांध आणि खंदक, सगळ्यावर हिरवंगार गवत. विमानातून काढलेल्या फोटोत वर्तुळात वर्तुळं सुंदर दिसतात, पण जमिनीवर उभं राहिलं की फक्त पायाखालची जमीन वर जाते, खाली येते, परत वर जाते. बाहेरचं मोठं वर्तुळ म्हणजे राजांचा कोट, त्याचा घेर साधारण एक किलोमीटर. त्याच्या आत दोन गोल बांध एकमेकांना चिकटलेले, मराठी चारचा आकडा आडवा पाडल्यासारखे म्हणा हवं तर. आणि एक छोटा गोल उंचवटा, ओलिसांची टेकडी म्हणतात त्याला, तो सगळ्यात जुना, पाच हजार वर्षांच्या आसपासचा. नाव ओलिसांचं असलं तरी आहे ते दगडी दालन असलेलं थडगं, वर माती घातलेली. दाराला लोखंडी जाळी आहे, मोबाईलचा टॉर्च आत मारला की डाव्या हाताच्या दगडावर कोरलेली वर्तुळं दिसतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याची किरणं या दालनात शिरतात, आम्ही आठवडाभर आधी पोचलो, आणि तसाही सूर्य त्या दिवशी नव्हताच.

खरी मजा लिआ फॉलची. मधल्या उंचवट्यावर उभा केलेला एक दगड आहे, माझ्या छातीपर्यंत येईल एवढा, गोल टोकाचा. आईने बघितल्या बघितल्या हात जोडले, तिला सांगावं लागलं नाही. आयर्लंडचा खरा राजा त्याला शिवला की दगड ओरडतो अशी गोष्ट आहे. दादाने हात लावला. आम्ही तिघं गप्प उभे.

"ओरडला का?" आई.

"नाही."

"मग चला, पाऊस येतोय."

दगडाची मूळ जागा मात्र ही नव्हे. इंग्रजांविरुद्धच्या १७९८ च्या उठावात इथेच टेकडीवर लढाई झाली, त्यात मेलेल्या बंडखोरांच्या थडग्यावर खूण म्हणून एकोणिसाव्या शतकात तो हलवला. टाराचं हे असंच आहे, दर शंभर वर्षांनी कोणीतरी येऊन आपल्या गरजेप्रमाणे काहीतरी करून जातं. १५ ऑगस्ट १८४३ ला आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेलने इथे लाखोंची सभा घेतली (तारीख वाचून मी दोनदा बघितलं). १८९९ ते १९०२ मध्ये काही इंग्रज मंडळींनी बायबलमधली, दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली ती प्रसिद्ध पेटी इथेच पुरलीय असं धरून एक अख्खा कोट उकरून टाकला, पेटी अर्थातच मिळाली नाही, कवी येट्स आणि मॉड गॉन वगैरेंनी आरडाओरडा केला तेव्हा कुठे ते थांबलं. त्या कोटाचं अंग अजून खडबडीत आहे, चालताना पाय मुरगळतो.

तिथे कुत्र्याला फिरवायला आलेल्या एक साठीच्या बाई भेटल्या. "ऐका," म्हणाल्या. आम्ही ऐकलं, वारा आणि त्याच्या मागे एक बारीक घरघर. तो एम-३ हायवे. टाराच्या शेजारच्या खोऱ्यातून तो काढला तेव्हा देशभर मोठं आंदोलन झालं, या बाईही त्यात होत्या, रस्ता २०१० ला सुरू झालाच. "मी अजून त्याच्यावरून जात नाही. जुन्या रस्त्याने वीस मिनिटं जास्त लागतात," एवढं बोलून कुत्र्याला हाक मारून गेल्या. आम्ही त्याच हायवेने आलो होतो, आम्ही काही बोललो नाही.

टाराला जाणाऱ्यांना एकच सांगेन, तिथे दोन लांब समांतर बांध आहेत, मेजवानीचं दालन म्हणतात त्याला, पण बहुतेक तो टेकडीवर यायचा मिरवणुकीचा रस्ता असावा असं आता अभ्यासक म्हणतात. बहुतेक लोक पार्किंगकडून येऊन ते आडवं ओलांडून जातात. तसं करू नका, उत्तरेकडे खालच्या टोकाला जा आणि तिथून मधोमध चालत वर या. दोन्हीकडचे बांध उंच, बाजूचं काही दिसत नाही, दोनशे मीटर फक्त आभाळ आणि समोरचा चढ, मग एकदम सगळी टेकडी उघडते. आईसुद्धा तिथे थांबली. राजवाड्याबद्दल त्यानंतर काही बोलली नाही.

एका कोपऱ्यात हॉथॉर्नचं झाड आहे, चिंध्या, रिबिनी, एक लहान बाळाचा मोजा बांधलेला. आईने मोजा हातात घेऊन बघितला, नीट होता तसा सोडला आणि झाडाला पण हात जोडले.

तिथून ट्लाख्टगाची टेकडी, अथबॉय गावाजवळ, अर्धा तास. चार गोल बांध एकात एक. सावन या जुन्या आयरिश सणाच्या रात्री, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, जुन्या काळी इथे मोठा अग्नी पेटवायचे असं सांगतात. आमची वेळ चुकली, आदल्याच रविवारी घड्याळं एक तास मागे गेलेली हे लक्षात नव्हतं, पाचला अंधार. ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असाल तर दिवसाचा हिशेब साडेचारपर्यंतच करा. मोबाईलच्या उजेडात घसरत खाली आलो आणि रात्री रॉसकॉमनला एका बी अँड बीमध्ये पोचलो.

दिवस दुसरा, बुधवार: रॅथक्रोहन, मेव्हचं घर

सकाळी नाश्त्याला फुल आयरिश. आईने पॉरिज मागितलं, मध घालून, आणि म्हणाली खीरच आहे की, साखर कमी. मी ब्लॅक पुडिंग अर्धं खाल्ल्यावर ते कशाचं असतं ते विचारलं. डुकराच्या रक्ताचं. विचारायचं असेल तर आधी विचारा.

टल्स्क नावाच्या एवढ्याशा गावात रॅथक्रोहनचं माहिती केंद्र आहे, तिथून गाईड मिळतो. गाईड घ्याच. इथे सहा-साडेसहा चौरस किलोमीटरमध्ये २४० च्या वर जुन्या जागा आहेत आणि त्या बहुतेक सगळ्या लोकांच्या शेतात आहेत, आपण एकटे गेलो तर टेकाड कुठलं आणि शेणखताचा ढीग कुठला कळणार नाही. हे मी गमतीने लिहीत नाही, एका ढिगाचा फोटो मी मनापासून काढलाय.

मुख्य टेकाड रस्त्याच्या कडेलाच. व्यास नव्वद मीटरच्या आसपास, उंची पाच-सहा मीटर, वर सपाट. गाड्या शेजारून झूम जातात, त्यातल्या निम्म्यांना आपण कुठून गेलो हे माहीतही नसेल. त्याच्यावर चढून उभं राहिलो तेव्हा बारीक पाऊस, धड पडतही नाही आणि थांबतही नाही असा. गाईड तिथल्याच शेतकऱ्याचा मुलगा, तिशीचा, पायात गुडघ्यापर्यंत गमबूट. त्याने सांगितलं की इथे कोणी खणलेलं नाही, गॉलवेच्या विद्यापीठाच्या लोकांनी जमिनीच्या वरूनच यंत्रं फिरवून आतलं वाचलं. तेव्हा कळलं की टेकाडाच्या पोटात भिंतींची, खांबांची वर्तुळं आहेत आणि टेकाडाभोवती ३६० मीटर व्यासाचा एक प्रचंड खंदक आहे, जो आता डोळ्यांना अजिबात दिसत नाही. "तुम्ही आत्ता कोनाख्टच्या, म्हणजे मेव्हच्या राज्याच्या, राजधानीच्या मधोमध उभे आहात," तो म्हणाला. आईने खाली गवताकडे बघितलं.

मग त्याने तिथेच, पावसात, अंथरुणातलं भांडण सांगितलं. नवरा आयलिल म्हणतो, माझ्याशी लग्न झाल्यापासून तुझं बरं चाललंय. मेव्ह म्हणते, माझं आधीच बरं होतं. मग काय, रात्रीतून उठून सगळं मोजायला काढतात, हंडे, बादल्या, अंगठ्या, कपडे, मेंढ्या, घोडे, डुकरं. सगळं बरोबरीत सुटतं, फक्त आयलिलकडे पांढऱ्या शिंगांचा एक वळू जास्त. आणि खरी कळ ही की तो वळू जन्माला आला मेव्हच्याच गाईच्या पोटी, पण बाईच्या मालकीचं राहणं त्याला कमीपणाचं वाटलं म्हणून तो नवऱ्याच्या कळपात निघून गेला. हे ऐकून आई म्हणाली, "वळूसुद्धा?"

तेवढाच भारी वळू उत्तरेकडच्या अल्स्टर राज्यात कूलीला आहे, तपकिरी. मेव्ह एका वर्षासाठी तो उसना मागते, मोबदलाही भरपूर देते, मालक तयार होतो. पण तिची माणसं रात्री पिऊन बरळतात की दिला नसता तर हिसकावूनच नेला असता. संपलं. मेव्ह सैन्य घेऊन निघते. अल्स्टरच्या पुरुषांना नेमका शाप भोवतो, बाळंतिणीच्या कळा येऊन सगळे आडवे, आणि सतरा वर्षांचा त्यांचा वीर कू खुलिन एकटा नदीच्या उतारावर उभा राहून एकेकाला अडवतो. मला विराटाच्या गाई आणि तो बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन आठवला, दादालाही, आम्ही एकदमच बोललो. शेवटी दोन्ही वळू इथेच येऊन झुंजतात, त्या जागेचं नावच वळूंचा कोट, गोल बांध आहे, लोकांनी बांधावर बसून आतली झुंज बघितली म्हणे. तपकिरी जिंकतो, पांढऱ्याचे तुकडे शिंगांवर घेऊन घराकडे निघतो आणि पोचून मरतो. दोघांकडे काहीच उरत नाही.

मेव्ह या नावाचा अर्थ झिंग आणणारी. मूळ शब्द मधापासून बनवलेल्या दारूचा, आपल्या मधूचा सख्खा चुलतभाऊ. ती नुसती राणी नसून जमिनीचीच देवी होती, राजा व्हायचं तर तिच्या हातचा पेला पिऊन तिच्याशी लग्न लावायचं, असंही अभ्यासक मानतात. नवरे तिने बरेच केले, ते मग समजण्यासारखं आहे.

दुपारी गाईड गेला आणि आम्ही आमच्या मनाने एक उभा दगड शोधायला निघालो, शेवटचा अख्रिस्ती राजा दाही याचा, आल्प्समध्ये वीज पडून मेला म्हणतात तो. लाल दगड दुरून दिसला आणि दादाने गाडी कडेला घेतली. कड नव्हतीच ती, गवताखाली चिखल होता. पुढचं चाक रुतलं, दादाने रेस दिली, अजून रुतलं. दहा मिनिटांनी ट्रॅक्टरवर एक म्हातारे शेतकरी आले, न बोलता साखळी काढली, लावली, ओढलं. मग बोलले, "सॉफ्ट डे." असा भुरभुर पाऊस पडला की तिकडे म्हणतात सॉफ्ट डे. गाडी निघाल्याबद्दल पैसे द्यायला गेलो तर चेहराच पडला त्यांचा, म्हणून फराळाच्या डब्यातल्या चार करंज्या दिल्या.

त्यांच्या कुंपणापलीकडे गाई होत्या, दहा-बारा, तांबड्या, ओल्या पाठी वाफाळत होत्या. वसुबारस सोमवारी झालेली, डब्लिनच्या सोसायटीत गाय कुठून आणणार, आई दोन दिवस त्यावरून चुटपुटत होती. तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली. शेतकरी बघत राहिले. दादाने काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनी टोपी काढली आणि फाटक उघडून एका शांत गाईला मानेला धरून उभं केलं. आईने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, पायाशी वाकली नाही कारण चिखल होता, पाठीवरून हात फिरवला. गाय जीभ काढून तिची बाही चाटत बसली. परत येताना आईने विचारलं, दूध किती देते? शेतकरी म्हणाले, या दुधाच्या नाहीत. दादाने भाषांतर केलं, "भरपूर देते म्हणतात."

जाता जाता त्यांनी शेतातला एक गोल बांध दाखवला, त्यावर काटेरी झाडं वाढलेली, भोवती सगळं नांगरलेलं आणि तेवढाच तुकडा सोडलेला. परी-लोकांचा कोट. असे हजारो कोट आयर्लंडभर टिकून आहेत आणि त्याचं एक मोठं कारण हेच की त्यांना हात लावायला लोक घाबरतात. मी विचारलं, तुम्ही मानता का? "अजिबात नाही," म्हणाले, "पण नांगरणार पण नाही."

दिवस तिसरा, गुरुवार ३१ ऑक्टोबर: मांजरांची गुहा

त्या दिवशी नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी. आईने पुण्याहून उटणं आणि मोती साबण आणलेलाच होता. साडेपाचला तिने मला उठवलं, बाहेर काळाकुट्ट अंधार, उजाडायला अजून दोन तास. बी अँड बीच्या शॉवरमध्ये अभ्यंगस्नान, घरमालकीण बाईंना पाईपांचा आवाज ऐकून काय वाटलं असेल. कारीट कुठून आणणार, तर आदल्या दिवशी कॅफेतल्या सॅलडमधला एक चेरी टोमॅटो आईने टिश्यूत गुंडाळून ठेवलेला. तो डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडला, पांढऱ्या टाईलवर बी उडालं, नरकासुर मेला. मग आंघोळ करून, कानाच्या मागे उटण्याचा वास घेऊन मी जिथे गेले त्या जागेला मध्ययुगातल्या ख्रिस्ती लेखकांनी आयर्लंडचं नरकाचं दार म्हणून ठेवलंय.

ऊव्हना-गात, मांजरांची गुहा. एका अरुंद गल्लीच्या शेवटी, शेताच्या कडेला, हॉथॉर्नच्या झुडपाखाली एक भोक. खरंच भोक, कोल्हा राहत असेल असं वाटावं. यातूनच सावनच्या रात्री पलीकडच्या जगातलं सगळं बाहेर येतं: लाल पक्षी, ज्यांच्या श्वासाने पिकं करपतात, मोजता न येणारी डुकरं, तीन डोक्यांचा एक राक्षस, आणि मॉरिगन, युद्धाची देवी, जी इथेच राहते. हॅलोविनचं मूळ आमच्याकडे असं टल्स्कवाले सांगतात आणि तिकडे अथबॉयवाले पण सांगतात, तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा.

दादाने भोक बघितलं आणि आईजवळ कोणीतरी थांबायला हवं हे त्याला अचानक सुचलं.

आम्ही सहा जण, हेल्मेट, डोक्याला टॉर्च. एक अमेरिकन बाई होत्या, पणजोबा दुष्काळात रॉसकॉमन सोडून गेलेले, आणि गॉलवेची एक आई तिच्या पंधरा-सोळाच्या मुलाला ओढून घेऊन आलेली. आत शिरताना गुडघे, कोपरं, पोट सगळं टेकतं. पहिला भाग माणसांनी दगड रचून बांधलेला आहे, डोक्यावर आडवा दगड, गाईडने तिरका उजेड मारला तर त्याच्या कडेवर ओघम या जुन्या आयरिश लिपीच्या रेघा दिसल्या, सुरीने काकडीवर चिरा माराव्यात तशा. व्राइक्की माक्वी मेद्वी. मेव्हचा मुलगा फ्राख याचा. मॅक म्हणजे मुलगा, मॅकडोनल्डमधला मॅक तो हाच, दीड हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेला आणि मी त्याच्याखाली पालथी पडलेली. नाक दगडापासून वीतभर. तो दगड ओला होता आणि त्याला मातीचा, जुन्या हंड्याच्या तळासारखा वास होता.

मग बांधकाम संपतं आणि खरी गुहा सुरू होते, चुनखडीतली उभी भेग, उंच पण अरुंद, सगळी मिळून साधारण सदतीस मीटर. जमीन म्हणजे चिखल, लोण्यासारखा, बूट आत जातो आणि निघताना आवाज करतो. टोकाला गेल्यावर गाईडने टॉर्च बंद करायला सांगितले.

डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, काहीच फरक नाही. लोडशेडिंगमध्ये वाढलेली मुलगी मी, पण असा अंधार बघितला नव्हता. कुठेतरी थेंब पडत होता. आणि त्या अंधारात त्याने नेराची गोष्ट सुरू केली.

अशीच सावनची रात्र. आयलिल म्हणतो, बाहेर फाशी दिलेला माणूस लटकतोय, त्याच्या पायाला काटकीचं कडं घालून येईल त्याला बक्षीस. नेरा जातो. प्रेत बोलायला लागतं, मला तहान लागलीय, मला पाठीवर घे. नेरा त्याला पाठीवर घेऊन निघतो.

मी अंधारात मोठ्याने म्हणाले, "विक्रम-वेताळ!" कोणालाच कळलं नाही अर्थातच.

तीन घरं फिरतात, तिसऱ्या घरात पाणी मिळतं, प्रेत पितं आणि शेवटची चूळ घरातल्या लोकांवर टाकतं, ते मरतात. प्रेताला परत टांगून नेरा येतो तर राजवाडा जळतोय, मुंडक्यांचे ढीग, शत्रू या गुहेत शिरताना दिसतात म्हणून तोही मागे शिरतो. आत वेगळंच राज्य. तिथे त्याला बायको मिळते, तीच त्याला सांगते की तू बघितलंस ते अजून झालेलं नाही, पुढच्या सावनला होणार आहे, जाऊन आपल्या लोकांना सावध कर. ते विश्वास कसा ठेवतील? उन्हाळ्यातली फुलं घेऊन जा, ती म्हणते. नेरा थंडीत हातात ताजी फुलं घेऊन बाहेर येतो, तर लोक अजून त्याच हंड्याभोवती बसलेत, जेवण उतरलेलंही नाही.

गोष्ट संपल्यावर कोणी बोललं नाही. मग त्या मुलाने, जो सकाळपासून हूं शिवाय काही बोलला नव्हता, विचारलं, "मग तो परत आत गेला का?" गाईड म्हणाला, गेला, शेवटी तिकडेच राहिला, अजून आत आहे. टॉर्च लागले.

जाणाऱ्यांसाठी: गुहेत गाईडशिवाय जाऊ नका, खाजगी शेतातून वाट आहे आणि आत घसरायला होतं. बुकिंग आधी, हॅलोविनच्या आठवड्यात तर बरंच आधी. टाकून द्यायच्या लायकीचे कपडे घाला, दुसरा जोड आणि बुटांसाठी मोठी प्लास्टिकची पिशवी गाडीत ठेवा. गुडघे दुखत असतील तर नकोच. मेणबत्त्या, नाणी, फुलं असलं आत काही ठेवू नका, लोक ठेवतात आणि मग तिथल्या माणसांना ते साफ करत बसावं लागतं.

बाहेर आले तेव्हा नखापासून केसापर्यंत चिखल. आईने वरपासून खालपर्यंत बघितलं. "अभ्यंगस्नान वाया घालवलंस," म्हणाली.

संध्याकाळी घरमालकीण बाईंनी चहाबरोबर बार्मब्रॅक कापला, मनुका घातलेला गोडसर ब्रेड, हॅलोविनलाच करतात, आत एक अंगठी लपवलेली असते, ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्षात लग्न. अंगठी आईच्या दाताखाली आली. दादाने तिला अर्थ समजावून सांगितला, तिथे तो चुकला, कारण आईने अंगठी रुमालाला पुसली आणि गप्पपणे माझ्या बशीत ठेवली. मी अडतीस वर्षांची आहे. मी ती परत तिच्या बशीत ठेवली. बाईंनी दुसरीकडे बघत चहा ओतला.

तेवढ्यात बेल वाजली. चेटकीण, सांगाडा आणि एक बहुतेक वटवाघूळ, सगळे सात-आठ वर्षांचे. पूर्वी इथे भोपळा नव्हे तर सलगम कोरून दिवे करायचे असं बाई सांगत होत्या तोवर आईने चकल्यांचा डबाच दारात नेला. सांगाड्याने चकली उलटसुलट करून बघितली, एक वेढा तोडला, डोळे मोठे केले, वटवाघळाला काहीतरी सांगितलं. दहा मिनिटांनी परत बेल. तेच तिघं, सोबत अजून चार.

दिवस चौथा, शुक्रवार १ नोव्हेंबर: नॉकनारे

स्लायगोकडे सव्वा तास. नॉकनारेचा डोंगर ३२७ मीटर, वर दगडांचा महाकाय ढीग आहे आणि मेव्ह तिथे पुरलीय म्हणतात, उभी, हातात भाला, तोंड अल्स्टरच्या शत्रूंकडे करून. रॅथक्रोहनचा गाईड यावर हसला होता, ती आमच्याकडेच आहे म्हणाला. एकाच संताची दोन गावांत समाधी असते ना, तसंच. ढीग पाच हजार वर्षांचा आहे, म्हणजे मेव्हच्या गोष्टींपेक्षा खूपच जुना, पण राणीला जागा शोभते.

वर जायला तासभर, काही भाग लाकडी फळ्यांचा. आई न थांबता चढली, रोज सारसबागेला सहा फेऱ्या मारते ती, दादा मागून धापा टाकत. वर समुद्र दिसतो, बेन बुल्बेनचा डोंगर दिसतो असं सगळ्यांनी सांगितलेलं, आम्हाला ढगात आमचे बूट दिसत होते. आणि मग दहा पावलांवर एकदम तो ढीग, दुमजली घरापेक्षा उंच, करडा, दोन्ही बाजूंना धुक्यात गेलेला, त्याचा शेवट कुठे ते कळेना. त्याच्यावर चढू नका, दगड निसटतात आणि आत काय आहे ते अजून कोणी उघडून बघितलेलं नाही. आम्ही त्याला प्रदक्षिणा घातली, आई पुढे. अर्ध्या वाटेत ती थांबली आणि धुक्यात बघत म्हणाली, "म्हणजे एका वळूसाठी एवढं सगळं?" दादा म्हणाला, वळूसाठी नाही गं, बरोबरीसाठी. आईने मान हलवली आणि पुढे चालायला लागली.

खाली स्ट्रँडहिलला भाजीचं सूप आणि सोडा ब्रेड, गरम, लोणी वितळणारं, त्या चार दिवसांतलं सगळ्यात चांगलं जेवण तेच. मग तीन तास गाडी, आई मागे झोपलेली.

वहिनीने सगळं मांडून ठेवलं होतं. झेंडूऐवजी पिवळी शेवंती, लाह्या-बत्तासे, दाराशी पणत्या, आमचे चिखलाचे बूट पिशवीसकट गॅलरीत हद्दपार. पूजेला बसलो तेव्हा ताटात चांदीची नाणी, काही युरो आणि त्यांच्या शेजारी, हळदकुंकू वाहिलेली, ती बार्मब्रॅकची पितळी अंगठी. मी आईकडे बघितलं. ती डोळे मिटून आरती म्हणत होती.